राउंड संपल्यावर हँडिकॅप कसा बदलतो: खान्देशातल्या नव्या गोल्फ खेळाडूंसाठी

“आते मना हँडिकॅप वाढी काय, भाऊ?”

पुण्याहून रात्रीच्या महाराष्ट्र एक्सप्रेसने जळगावला परतताना अमळनेरच्या माझ्या मित्राने विचारलं. हँडिकॅप म्हणजे खेळात मागे असलेल्याला बरोबरीसाठी मिळणाऱ्या जादा फटक्यांचा आकडा; फटके आणि हँडिकॅप दोन्ही जितके कमी तितका खेळ चांगला. त्या दिवशी अठरा होलांच्या राउंडमध्ये त्याचे १०१ फटके झाले होते. तळ्याच्या होलवर दोन चेंडू पाण्यात गेले, दुसऱ्या एका होलवर झाडीत अडकून दहा फटके लागले, आणि त्या दोन होलांनी त्याचा सगळा दिवस कडू केला. मी त्याचं स्कोअरकार्ड मागून घेतलं. दौंड येईपर्यंत हिशेब झाला: हँडिकॅप वाढला तर नाहीच, उलट ०.२ ने कमी झाला. त्याचा विश्वास बसेना. मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली आणि या वेळी आकडे त्यालाच मांडायला लावले.

तोच हिशेब इथे लिहितो आहे. मुलगा-सून पुण्याला किंवा नाशिकला, त्यांच्याकडे जाता-येता गोल्फ हाती लागला, अशी माणसं मला आता जळगाव-धुळ्यात भेटू लागली आहेत. त्यांचा स्विंग सहा महिन्यांत बसतो. हँडिकॅपचा विषय निघाला की मात्र ते म्हणतात, “ते क्लबवाले बघतात.” क्लबवाले बघतात हे खरं, पण हा आकडा तुमचा आहे आणि तो कसा ठरतो हे तुम्हाला कळायलाच हवं. पासष्टीचा नवशिक्या आणि वीस वर्षं खेळणारा माणूस एकाच मैदानावर बरोबरीने झुंजू शकतात ते याच आकड्यामुळे. दुसऱ्या कुठल्या खेळात हे इतक्या सहज जमत असेल असं मला वाटत नाही.

आधी दोन आकडे वेगळे ओळखा

हँडिकॅप इंडेक्स हा तुमचा स्वतःचा आकडा. तो दशांशात असतो, जसा २२.४, आणि तुम्ही कुठेही खेळायला गेलात तरी तोच राहतो. जास्तीत जास्त तो ५४.० असू शकतो. कोर्स हँडिकॅप म्हणजे त्या इंडेक्सवरून एका ठरावीक मैदानावर, एका ठरावीक टीवरून (होलचा पहिला फटका मारायची जागा) तुम्हाला मिळणारे जादा फटके. हा पूर्णांकात असतो आणि मैदान बदललं की बदलतो.

२०२० पर्यंत जगात हँडिकॅप काढायच्या सहा वेगवेगळ्या मोठ्या पद्धती होत्या. त्या वर्षी आर अँड ए आणि अमेरिकेची यूएसजीए या दोन संस्थांनी मिळून एकच जागतिक पद्धत सुरू केली. आपल्याकडे तिचा कारभार इंडियन गोल्फ युनियनकडे आहे. त्यामुळे खाली जे सांगतो आहे ते पुण्याला लागू आहे तसंच परदेशातही.

कार्डावरचे आकडे काय सांगतात

मैदानाच्या कार्डावर किंवा पहिल्या टीजवळच्या फलकावर प्रत्येक टीसाठी दोन आकडे दिलेले असतात: कोर्स रेटिंग आणि स्लोप रेटिंग. कोर्स रेटिंग सोपं आहे. शून्य हँडिकॅपचा कसलेला खेळाडू नेहमीच्या हवेत त्या टीवरून साधारण किती फटक्यांत राउंड संपवेल, तो आकडा. समजा ७१.२.

स्लोप रेटिंगवर नवे लोक अडखळतात. ‘मैदान किती अवघड’ एवढाच त्याचा अर्थ आहे असं त्यांना वाटतं. तसं नाही. तापीकाठची काळीभोर, पाण्याखालची जमीन घ्या. तिथे अनुभवी शेतकरी आणि पहिल्यांदा नांगर धरलेला मुलगा, दोघांनी केळी लावली तर उत्पन्नात फरक पडेल, पण जमीनच मुलाला बरंचसं सांभाळून घेईल. आता सातपुड्याच्या पायथ्याची बरड, कोरडवाहू जमीन घ्या. तिथे जुना शेतकरी काहीतरी काढून दाखवेल, नवा मात्र पार उघडा पडेल. स्लोप रेटिंग मोजतं ते हे अंतर: मैदान अवघड होत जातं तेव्हा कसलेल्यापेक्षा साधा खेळाडू किती जास्त मागे पडतो. हा आकडा ५५ ते १५५ च्या दरम्यान असतो आणि ११३ हा प्रमाण धरलेला आहे. सगळ्या हिशेबात ११३ पुन्हा पुन्हा येतो तो यामुळेच.

तिसरी गोष्ट म्हणजे स्ट्रोक इंडेक्स. कार्डावर प्रत्येक होलसमोर १ ते १८ पैकी एक क्रमांक असतो. जादा फटके कोणत्या होलवर आधी मिळणार, तो क्रम हा.

खेळायला उतरण्याआधी

माझ्या मित्राचा इंडेक्स होता २२.४. उदाहरणासाठी मैदानाचा पार, म्हणजे ठरवून दिलेले अपेक्षित फटके, ७२, कोर्स रेटिंग ७१.२ आणि स्लोप १२४ धरू. कोर्स हँडिकॅप काढायचा तर इंडेक्सला स्लोपने गुणायचं, ११३ ने भागायचं, आणि कोर्स रेटिंगमधून पार वजा करून जे येईल ते त्यात मिळवायचं.

२२.४ × १२४ ÷ ११३ = २४.५८. कोर्स रेटिंग उणे पार म्हणजे ७१.२ − ७२ = −०.८. बेरीज २३.७८, म्हणजे २४.

२४ जादा फटके १८ होलांवर वाटायचे. आधी प्रत्येक होलला एक, म्हणजे १८ संपले. उरलेले ६ स्ट्रोक इंडेक्स १ ते ६ च्या होलांना आणखी एकेक. म्हणजे त्या सहा होलांवर दोन-दोन आणि बाकी बारांवर एकेक. हे टीवर उभं राहण्याआधी पेन्सिलीने कार्डावर टिंबं देऊन मांडून ठेवा. राउंडनंतर दमलेल्या डोक्याने मोजायला गेलं की चुका होतात.

राउंडनंतर पहिलं काम: छाटणी

हँडिकॅपसाठी १०१ हा आकडा जसाच्या तसा जात नाही. एखाद्या होलवर घसरगुंडी झाली तर तिचा सगळा भार हँडिकॅपवर पडू नये म्हणून प्रत्येक होलला वरची मर्यादा आहे. तिला नेट डबल बोगी म्हणतात: त्या होलचा पार, अधिक २, अधिक त्या होलवर तुम्हाला मिळणारे जादा फटके.

मित्राच्या कार्डावरचे तीन होल पाहा.

पार ४ चा होल, स्ट्रोक इंडेक्स ४. इथे त्याला दोन जादा फटके. मर्यादा ४ + २ + २ = ८. त्याचे झाले होते १०, म्हणजे २ कमी केले.

पार ३ चा तळ्याचा होल, स्ट्रोक इंडेक्स १६. एकच जादा फटका. मर्यादा ३ + २ + १ = ६. त्याचे झाले होते ९, म्हणजे ३ कमी.

पार ५ चा होल, स्ट्रोक इंडेक्स ९. मर्यादा ५ + २ + १ = ८. त्याचे ८ च होते, ते तसेच राहिले.

बाकीचे होल मर्यादेच्या आत होते. १०१ मधून ५ गेले, उरले ९६. हा झाला सुधारित एकूण स्कोअर. लक्षात ठेवा, ही छाटणी फक्त हँडिकॅपसाठी आहे. स्पर्धेच्या कार्डावर १०१ म्हणजे १०१ च.

कधी होल पूर्ण न करता चेंडू उचलावा लागतो, मागचा गट वाट पाहत असतो. अशा वेळी ‘बहुधा किती झाले असते’ तो आकडा लिहायचा: तोवर मारलेले फटके, त्यात दंडाचे फटके, आणि अंदाजाने उरलेले. त्या अंदाजालाही नियम आहे. चेंडू ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, होलपासून पाच फुटांच्या आत असेल तर १ धरायचा. पाच फुटांच्या पुढे वीस यार्डांपर्यंत २ किंवा ३, त्याहून लांब असेल तर ३ किंवा ४. आलेला आकडा नेट डबल बोगीच्या वर गेला तर मर्यादाच लिहायची.

ज्याला अजून इंडेक्स मिळालेलाच नाही त्याच्यासाठी मर्यादा सोपी आहे: पार अधिक ५. पार ४ च्या होलवर जास्तीत जास्त ९.

मी स्वतः पहिल्या वर्षी ही छाटणी करत नव्हतो. मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलंही नाही. प्रत्येक राउंडचा एकूण आकडा तसाच भरत गेलो. परिणाम असा की माझा इंडेक्स खऱ्यापेक्षा वर राहिला, मला हक्कापेक्षा जास्त जादा फटके मिळत राहिले, आणि एका छोट्या स्पर्धेत नेट स्कोअरवर, म्हणजे जादा फटके वजा करून उरलेल्या आकड्यावर, मी दुसरा आलो. दोन महिन्यांनी चूक उमगली. मी कप परत नेऊन दिला आणि जुनी कार्डं एकेक करून दुरुस्त करून घेतली. माझ्यामुळे जो तिसरा गेला होता, त्या गृहस्थांना भेटून सांगितलं. ते काही बोलले नाहीत, फक्त खांद्यावर हात ठेवला. तेव्हापासून कुणीही नवा भेटला की मी सगळ्यात आधी छाटणी शिकवतो. तुम्ही होलवार आकडे भरले तर संगणक ही छाटणी स्वतः करतो, म्हणून नुसता एकूण आकडा न भरता होलवार भरा.

दुसरं काम: डिफरन्शिअल

९६ हा आकडा सोप्या मैदानावरचा की अवघड, हे त्याच्याकडे पाहून कळत नाही. म्हणून सगळे राउंड एका मापात आणतात. सुधारित स्कोअरमधून कोर्स रेटिंग वजा करायचं, ११३ ने गुणायचं, स्लोपने भागायचं.

९६ − ७१.२ = २४.८. त्याला ११३ ने गुणून १२४ ने भागलं की २२.६.

हा त्या राउंडचा डिफरन्शिअल. छाटणी न करता १०१ वरूनच काढला असता तर तो २७.२ आला असता. पाच फटक्यांची छाटणी इथे केवढी मोठी ठरते ते बघा.

त्या दिवशी सगळ्यांचंच पीक बुडालं असेल तर?

सोसाट्याचा वारा सुटला, अवकाळी आला, ग्रीनवर भोकं अवघड जागी पाडली होती. अशा दिवशी तुमचे फटके वाढले तर दोष एकट्या तुमचा नाही. आपल्याकडे पीक हातचं गेलं की गावाची पैसेवारी पाहतात. एका शेताकडे न पाहता अख्ख्या गावाकडे पाहतात, आणि ती ५० पैशांच्या खाली गेली की टंचाई धरतात. गोल्फमध्येही रोज रात्री असाच हिशेब होतो. त्या दिवशी त्या मैदानावर खेळलेल्यांचे स्कोअर त्यांच्या नेहमीच्या खेळाशी ताडून पाहतात. ३६.० किंवा त्याहून कमी इंडेक्स असलेल्यांची निदान आठ कार्डं आली असतील तरच हा हिशेब होतो. दिवस नेहमीसारखा असेल तर शून्य, सोपा असेल तर −१, अवघड असेल तर +१ ते +३. हा आकडाही सुधारित स्कोअरमधून वजा होतो. मित्राच्या दिवशी तो शून्य होता. +१ असता तर त्याचा डिफरन्शिअल २२.६ ऐवजी २१.७ झाला असता.

म्हणूनच कार्ड त्याच दिवशी भरा. जळगावला पोचून, आंघोळ-जेवण करून, परवा सावकाश भरू असं केलं तर तुमचं कार्ड त्या रात्रीच्या हिशेबात येत नाही. ते बाकीच्या खेळाडूंचंही नुकसान आहे. मी गाडी पकडण्याआधीच भरून टाकतो.

तिसरं काम: वीसमधले आठ

आता खरी गोम. इंडेक्स म्हणजे तुमच्या शेवटच्या २० राउंडांपैकी सर्वांत कमी ८ डिफरन्शिअलची सरासरी. सगळ्या वीसांची नाही. म्हणजे हँडिकॅप तुमचा नेहमीचा खेळ सांगत नाही, तुमच्या चांगल्या दिवसांचा खेळ सांगतो. नव्या माणसाने हे एकदा पक्कं धरलं की निम्मी निराशा जाते.

मित्राचे चांगले आठ असे होते: २०.१, २०.९, २१.६, २२.३, २२.८, २३.२, २३.८, २४.५. बेरीज १७९.२, भागिले ८, बरोबर २२.४. नीट पाहा, वीस राउंडांपैकी त्याच्या स्वतःच्या इंडेक्सच्या खाली फक्त चार आहेत. उरलेल्या सोळा दिवशी तो ‘हँडिकॅपएवढं खेळलो नाही’ म्हणत घरी गेला असणार! त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. ही पद्धतच अशी आहे.

नवा राउंड आला की सर्वांत जुना, विसावा, यादीतून बाहेर पडतो. मित्राचा बाहेर पडणारा राउंड होता २९.७ चा, म्हणजे तो चांगल्या आठांत नव्हताच. नवा २२.६ मात्र आठांत बसला आणि त्याने २४.५ ला बाहेर ढकललं. बेरीज १७७.३, भागिले ८, म्हणजे २२.२. इंडेक्स २२.४ वरून २२.२ वर उतरला. नवा डिफरन्शिअल जुन्या इंडेक्सपेक्षा मोठा असूनही इंडेक्स खाली आला. गाडीत विश्वास बसला नव्हता तो इथे.

आता तोच राउंड, पण यादीतून बाहेर पडणारा समजा २०.१ चा असता. मग बेरीज १७९.२ − २०.१ + २२.६ = १८१.७, भागिले ८, म्हणजे २२.७. इंडेक्स वाढला असता. खेळ तोच, फटके तेच, फक्त जुना एक सुंदर दिवस यादीतून निघून गेला. राउंडनंतर हँडिकॅप अनपेक्षितपणे हलला की लोक नव्या कार्डाकडे बघत बसतात. बाहेर गेलेल्या कार्डाकडे बघा, बहुतेक वेळा उत्तर तिथेच सापडतं.

अजून वीस राउंड झाले नसतील तर

पहिला इंडेक्स ५४ होल खेळल्यावर मिळतो, म्हणजे १८ होलांचे तीन राउंड. तीन कार्डं असताना सर्वांत कमी एक डिफरन्शिअल घेऊन त्यातून २ वजा करतात. समजा तुमचे आले ४१.३, ३८.६ आणि ४४.०. तर ३८.६ − २ = ३६.६ हा तुमचा पहिला इंडेक्स. चार कार्डांवर सर्वांत कमीमधून १ वजा, पाच कार्डांवर सर्वांत कमी तसाच. सहा झाल्यावर सर्वांत कमी दोनांची सरासरी उणे १, सात-आठला दोनांची सरासरी, नऊ ते अकरा तीनांची, बारा ते चौदा चारांची, पंधरा-सोळा पाचांची, सतरा-अठरा सहांची, एकोणीसला सातांची. हे पाठ करायची गरज नाही. सुरुवातीला आकडा एकेका कार्डाने जोरात हलतो, त्याने बिचकू नका, एवढंच.

खान्देशातून जाऊन खेळणाऱ्याला दर वेळी पूर्ण दिवस काढणं जमत नाही. तेव्हा नऊ होल खेळून त्याचं कार्ड भरलं तरी चालतं. २०२४ पासून नऊ होलांचा स्कोअर लगेच उपयोगी पडतो. उरलेल्या नऊंसाठी तुमच्या इंडेक्सवरून अपेक्षित आकडा धरून अठराचा डिफरन्शिअल बनवतात. पहिल्या इंडेक्ससाठीच्या ५४ होलांतही नऊ-नऊचे राउंड मोजले जातात.

वर जायला बांध, खाली यायला उतार

आजारपण, खांद्याचं दुखणं किंवा नुसता वाईट मोसम, कारण काहीही असो, इंडेक्स वाढू लागला तर त्याला दोन बांध आहेत. वीस कार्डं पूर्ण झालेल्या खेळाडूचा गेल्या ३६५ दिवसांतला सर्वांत कमी इंडेक्स पाया धरतात. समजा तो २०.० आहे. आठांची सरासरी २५.० आली, म्हणजे ५ ची वाढ. पहिली ३.० पूर्ण मोजतात, तिच्यावरची २.० निम्मी, म्हणून इंडेक्स २४.०. हा सॉफ्ट कॅप. आणि काहीही झालं तरी पायापासून ५.० च्या वर इंडेक्स जात नाही, म्हणजे इथे २५.० हे टोक. हा हार्ड कॅप.

खाली येण्याला असा बांध नाही. उलट एखादा राउंड फारच चमकदार झाला तर उतरण जास्त वेगाने होते. डिफरन्शिअल त्या वेळच्या इंडेक्सपेक्षा ७.० ते ९.९ ने कमी आला तर शेवटच्या वीसही डिफरन्शिअलमधून १ वजा होतो. १०.० किंवा जास्त फरक असेल तर २. मित्राचा डिफरन्शिअल १५.० आला असता तर ७.४ चा फरक, म्हणून सगळ्यांतून १ गेला असता. पुढे नवी कार्डं येत जातात तशी ही वजावट आपोआप विरत जाते.

कार्ड कोणतं भरायचं

सगळी. नियमाने खेळलेला, सोबत किमान एक माणूस असलेला प्रत्येक राउंड. १०१ चं कार्ड खिशात ठेवून ९४ चं तेवढं भरणारा स्वतःचा इंडेक्स खाली ओढतो आणि पुढे स्पर्धेत रडकुंडीला येतो. चांगलं कार्ड लपवून वाईट तेवढी भरणारा समोरच्याचे फटके चोरतो. दुसऱ्याबद्दल मला जास्त राग आहे, कारण ज्यांना तो हरवतो त्यांना आपण का हरलो हे कधीच कळत नाही. कार्डावर मार्करची, म्हणजे तुमचे फटके नोंदवणाऱ्या सोबत्याची, सही घ्या आणि तुमच्या सोबत्याच्या कार्डावर तुम्ही सही करण्याआधी त्याचा प्रत्येक होल मनात आठवून बघा.

कार्ड भरल्यावर नवा इंडेक्स साधारण दुसऱ्या दिवशी दिसतो. सकाळी उठल्यावर तो बघा, त्याच्याखाली वीस राउंडांची यादी असते. चांगल्या आठांवर खूण केलेली असते. त्यात आजचं कार्ड आहे का बघा. मग यादीच्या तळाशी जा आणि विसावं कार्ड कोणतं ते लिहून ठेवा. पुढच्या वेळी पुण्याला जाल तेव्हा ते बाहेर पडणार आहे. त्यावर खूण असेल, तर इंडेक्स जागच्या जागी राखायलाही त्या दिवशी त्याच्याइतकंच चांगलं खेळावं लागेल. माझ्या मित्राने आता ही सवय लावून घेतली आहे. परवा त्याचा फोन आला: विसावं कार्ड २०.९ चं आहे, म्हणून तो येता रविवार जरा लवकर पोचून पुटिंगचा सराव करणार आहे.